मुलगी झोपते कुठे

दुपारचं सँडविच अर्धं खाऊन झालं होतं, तेव्हा सरकारने मला कळवलं की माझी मुलगी आधीच कुणीतरी नेलेली आहे. शब्द अर्थात असे नव्हते. फोनवर आलेल्या निरोपात एवढंच होतं, की तुमचं टॅक्स रिटर्न स्वीकारता येत नाही, कारण तुमच्यावर अवलंबून म्हणून जी व्यक्ती तुम्ही दाखवली आहे, तिचा नंबर दुसऱ्या एका रिटर्नमध्ये यापूर्वीच वापरला गेला आहे. दुसरं रिटर्न कुणाचं, ते सरकार सांगत नाही. सांगायची गरजही नव्हती. मॅरनला आईबाप मिळून माणसं दोन. त्यातली एक मी, आणि मी तर तोंडात घास धरून बसले होते. राहिला ड्वेन. घास गिळायला बराच वेळ लागला. तोंडातल्या मोहरीच्या चटणीचा झणका नाकात चढला आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि शेजारच्या टेबलावरून कुणी विचारलंच असतं तर मी मोहरीवर ढकलून मोकळी झाले असते. पण कुणी विचारलं नाही. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

मी शहराच्या बर्फखात्यात फोन घेते. बर्फ पडला की मिलवॉकीतली माणसं बर्फावर ओरडू शकत नाहीत, म्हणून माझ्यावर ओरडतात. मला हे काम आवडतं. समोरचं माणूस रागावलेलं असलं की माझा जीव शांत होतो, कारण निदान हा राग माझ्यामुळे नाही याची खात्री असते. पलीकडे श्रीमती पोलझिन होत्या. त्या दर बर्फाला फोन करतात. "बाई, तुमच्या गाडीने माझ्या दारात डोंगर आणून घातलाय. मी आता घरात राहायचं की डोंगरावर?" मी म्हटलं, "आजी, गाडी रस्ता साफ करते, तो बर्फ कुठेतरी जायचाच." "कुठेतरी म्हणजे माझ्याच दारात?" "सगळ्यांच्याच दारात, आजी." "सगळ्यांचं मला सांगू नका. मी माझं विचारतेय." आणि एरवी मी हसले असते, पण त्या दुपारी मला वाटलं, अगदी बरोबर. मीसुद्धा माझंच विचारतेय. त्यांच्या मागोमाग एक तरुण मुलगा, दंडाची पावती मिळालेला. आमच्याकडे हिवाळ्यात रात्री गाडी कुठल्या बाजूला उभी करायची याचा नियम आहे. सम तारखेला सम घरांच्या बाजूला, विषम तारखेला विषम घरांच्या. तो म्हणत होता, पावती फाटली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, म्हणजे तारीख बदलली होती, म्हणजे तो बरोबर होता. हे मला दिवसातून इतक्या वेळा सांगावं लागतं की झोपेतही सांगेन. रात्र ही आदल्या दिवसाची धरतात. झोपायच्या आधीची तारीख बघायची, उठल्यावरची नाही. "पण रात्र तर दोन्ही दिवसांत असते ना?" तो म्हणाला. अगदी कळवळून म्हणाला. "असते," मी म्हटलं, "पण पावती एकाच दिवसाची फाटते."

ड्वेन आणि मी वेगळे झालो तेव्हा मॅरन तिसरीत होती. लोक विचारतात, भांडणं फार व्हायची का. भांडणं झाली असती तर मिटवता तरी आली असती. आम्ही एकमेकांशी इतके समजूतदारपणे वागायचो की घरात कुणी आजारी आहे असं वाटायचं. ड्वेन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. हाताला कायम वंगणाचा आणि त्यावर लावलेल्या संत्र्याच्या साबणाचा वास. तो वास मला अजून आवडतो, आणि आवडला म्हणून कुणाबरोबर राहिलंच पाहिजे असं नसतं हे मला उशिरा कळलं. मॅरन एक आठवडा त्याच्याकडे आणि एक आठवडा माझ्याकडे. शुक्रवारी अदलाबदल. अदलाबदल कुठे करायची यावर वकिलांनी बराच खल केला. शाळेचं दार, पोलीस चौकीचं अंगण, लायब्ररी. शेवटी आम्ही काहीच केलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही लग्नाआधीपासून चर्चच्या तळघरात तळलेली मासळी खायला जात होतो, तसेच जात राहिलो. फरक एवढाच, की येताना मॅरन एकाच्या गाडीतून यायची आणि जाताना दुसऱ्याच्या. तिची पिशवी कोटांच्या खुंटीखाली असायची. जेवण झालं की ज्याची पाळी त्याने ती उचलायची. चर्चमधल्या म्हाताऱ्यांना तर आम्ही वेगळे झालोय हे दोन हिवाळे कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यातला एकजण ड्वेनला म्हणाला, "असं वेगळं व्हायचं असेल तर मीही होतो. बायकोला सांग."

टॅक्सचंही आम्ही तसंच ठरवलं. एक वर्ष मॅरन माझ्या रिटर्नमध्ये, एक वर्ष त्याच्या. यंदा पाळी माझी. यात वाद व्हायचं कारणच नव्हतं, आणि तरी कारण होतं, आणि ते काय होतं हे मला सँडविचच्या त्या घासापासून ठाऊक होतं. पहिल्या वर्षी मी एका बाईकडून रिटर्न भरून घेतलं होतं. तिने नाव विचारलं, पगार विचारला, आणि मग मान वर न करता विचारलं, "मुलगी झोपते कुठे?" मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "वर्षातल्या जास्त रात्री कुणाकडे झोपते? ज्याच्याकडे जास्त रात्री, मुलगी त्याची. दुसऱ्याला दाखवायची असेल तर पहिल्याने सही करून द्यायची. तुमचं आपसातलं ठरलेलं सरकारला कळत नाही." मुलीला उकडलेलं गाजर चालत नाही, हे सरकारला नको. ती गणित कुणाकडे विचारते आणि मैत्रिणीशी बिनसलं की रडायला कुणाच्या खोलीत येते, तेही नको. तिचे बूट कोण आणतं, तापात तिच्या पायाचे तळवे कोण चोळतं, यातलं काही नको. ती झोपते कुठे, एवढंच. आणि गंमत अशी की मी बाहेर आल्यावर गाडीत बसून त्या बाईवर चिडायचं ठरवलं, आणि चिडता येईना. कारण मीही तेच मोजत होते. ज्या आठवड्यात मॅरन नसते त्या रात्री मी तिच्या खोलीचं दार उघडं ठेवते. बंद दाराआड ती असेल असं वाटतं, आणि उघड्या दाराआड ती नाही हे दिसतं. दिसलेलं बरं. फ्रिजचा आवाज मोठा होतो. वरच्या मजल्यावरच्या माझ्या त्या दोन खोल्यांत घर तापवणारे नळ टकटक करतात, आणि मी मनातल्या मनात म्हणते, आली का? आणि मग स्वतःलाच म्हणते, हायडी, ते नळ आहेत.

वरचा मजला. तिथेच सगळं अडलं. गेल्या वर्षी पानगळ संपत आली होती तेव्हा व्हॉलीबॉल खेळताना मॅरनचा घोटा मोडला. माझ्या घराला बाहेरून लाकडी जिना आहे, अरुंद, आणि पहिल्या हिमाने त्याच्यावर जी चकाकी येते ती मांजरालाही झेपत नाही. ड्वेनचं घर जमिनीवर. त्याने सांगितलं, प्लास्टर निघेपर्यंत राहू दे माझ्याकडे. मीच म्हटलं, अर्थात. मीच तिची उशी नेऊन दिली. प्लास्टर निघालं. तोवर बर्फ पडला होता, मग जिना नको म्हणून आणखी काही दिवस. मग परीक्षा, आणि शाळा तिथून जवळ. मग नाताळ. कुणी काही बोललं नाही. जानेवारीच्या सुरुवातीला एका शुक्रवारी तिने आपली पिशवी माझ्या गाडीत ठेवली, जणू काही झालंच नव्हतं, आणि मी रेडिओ लावला. त्या रात्रींचा हिशोब मी कधी मांडला नाही. मांडायला लागले की मी उठून भांडी घासायची. माझ्या घरातली भांडी त्या हिवाळ्यात फार स्वच्छ होती. कारण प्रश्न रात्रींचा नव्हताच. प्लास्टर निघाल्यावरच्या त्या दिवसांचा होता. जिना कोरडा असायचा, मी रोज त्यावर मीठ टाकायचे, आणि ती यायची नाही. तिला तिथे बरं वाटत होतं का? माझ्यापेक्षा? आता ड्वेनने सरकारला लेखी कळवलं होतं की हो. आणि सरकारने मला कळवलं होतं की बाई, तुमचा अर्ज उशिरा आला.

संध्याकाळी चर्चकडे जाताना गाडीत मी भाषणं केली. मी गाडीत फार चांगली बोलते. पहिलं भाषण थंड होतं: ड्वेन, आपलं एक ठरलं होतं. दुसऱ्यात मी थोर होते: ड्वेन, मला विचारलं असतंस तर मी स्वतः सही करून दिली असती. तिसऱ्यात त्याच्या आईचा उल्लेख आला म्हणून ते मी अर्ध्यात सोडलं. तळ्यावरून वारा येत होता आणि रस्त्याच्या कडेला आमच्याच गाड्यांनी लावलेले ढीग दिव्यांत निळे दिसत होते. मला वाटलं, लोक मला दिवसभर ओरडतात ते बरोबरच आहे. आणि मग, कारण नसताना, मला ती वादळाची रात्र आठवली. आम्ही वेगळे होऊन दोनेक वर्षं झाली होती. मासळी खाता खाता बाहेर इतका बर्फ झाला की कुणालाच घरी जाता येईना. बर्फखात्याला फोन केला तर कुणी उचलेना. उचलणारी मी, आणि मी इथे तळघरात कोबी खात होते. यावर सगळं तळघर मला रात्रभर चिडवत होतं. कुणीतरी ब्रँडी काढली, कुणीतरी अकॉर्डियन काढलं, म्हाताऱ्यांनी पोल्का नावाचा नाच नाचून घेतला, आणि मग सगळे बाकांवर कोट पांघरून आडवे झाले. मॅरनचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय ड्वेनच्या, त्यामुळे लाथा सगळ्या त्याला. पहाटे तो कुजबुजला, "हायडी, ही झोपेत सायकल चालवते का?" आणि आम्ही दोघं तोंडावर हात धरून इतकं हसलो की बाक हलला. ती रात्र कुणाकडे धरायची? शुक्रवार होता, पिशवी खुंटीखाली होती, अजून कुणी उचलली नव्हती. टॅक्सवाल्या त्या बाईला विचारायला हवं होतं. मी गाडीत एकटीच हसले आणि मग मला आणखीच राग आला, कारण रागात असताना हसू आलं की राग उघडा पडतो.

ड्वेन आधीच येऊन बसला होता. नेहमीच्या कोपऱ्यात, कोपरं टेबलावर टेकून. मला बघून तो उठून उभा राहिला. ड्वेन कधी उठून उभा राहत नाही. "ये. तुझं ताट सांगितलंय," तो म्हणाला. "पर्च मासा, बटाट्याची धिरडी, राय ब्रेड. कोबी वेगळा दिलाय, तुला मासळीला लागलेला आवडत नाही." मी मनात म्हटलं, धडधडीत अपराधी. निर्दोष माणूस बाईचा कोबी वेगळा काढून ठेवत नाही. मी कोट काढला, चष्मा डोक्यावर सरकवला, कारण तळघरातल्या वाफेने काचांवर धुकं येतं, आणि बसले. मॅरन यायची होती. ती कस्टर्डच्या दुकानात नोकरी करते, शुक्रवारी तिची शिफ्ट उशिरा सुटते आणि दुकानातली कुणीतरी मैत्रीण तिला इथे सोडते.

"तुला मला काही सांगायचंय का?" मी विचारलं.

"मला?" ड्वेन म्हणाला. "मला वाटलं तुलाच काही सांगायचं असेल."

"मी कशाला सांगू?"

"मग नको सांगूस. मी काही म्हटलं का? मंगळवारपासून मी एक शब्द बोललो नाही."

"मंगळवारी काय झालं?"

"हे बघ हायडी, मी ठरवलंय की यावरून भांडायचं नाही. पाळी तुझी होती. तुझा हक्क आहे. मी गप्प बसलो. धिरडं गार होतंय."

त्याच्या त्या 'गप्प बसलो'मध्ये इतका मोठेपणा होता की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ड्वेन, तू गप्प बसायचं कारण काय? मुलगी तू घेतलीस, रिटर्न माझं परत आलं, आणि गप्प तू बसलास?"

त्याचा काटा हवेत राहिला. "तुझं परत आलं?"

"आज दुपारी."

"नाही नाही. परत माझं आलं. मंगळवारी."

ड्वेनने काटा खाली ठेवला. मागे कुणीतरी जेवणाच्या तिकिटांचे नंबर पुकारत होतं. मला आधी जो आनंद झाला तो मी लपवला नाही, मला लपवता आलाच नाही. त्याने नेली नव्हती! आणि त्या आनंदाच्या पाठोपाठच दुसरं डोक्यात शिरलं. "थांब. तुझं परत आलं म्हणजे तू भरलं होतंस."

ड्वेनची मान लाल होते, चेहरा होत नाही. "भरलं होतं," तो म्हणाला. "पाळी तुझी होती, मला माहीत होतं. पण मी रिटर्न भरायला जिच्याकडे जातो ती बाई म्हणाली, रात्री कुठे जास्त झाल्या? मी म्हटलं, यंदा माझ्याकडे, पाय मोडला होता. ती म्हणाली, मग तुम्हालाच दाखवावं लागेल. मी सरकारला खोटं कसं लिहू? तुला सांगायला फोन उचलला होता. बरेचदा उचलला. मग म्हटलं, हिला हे वाक्य कसं म्हणायचं? तुझ्याकडे कमी झोपली, असं? तूच म्हणून बघ."

मी म्हणून बघितलं नाही. त्याला कळलं होतं तर. इतके महिने मी भांडी घासत होते, आणि पलीकडे ड्वेनला कळलं होतं की हे वाक्य मला म्हणण्यासारखं नाही. हे एका माणसाला कळलेलं असणं मला बरं वाटलं आणि त्याच वेळी ताट त्याच्या अंगावर फेकावंसंही वाटलं. दोन्ही गोष्टी एकदम वाटतात. आमचा संसार असाच होता.

"पण मग मधे कोण आहे?" तो म्हणाला. "तुझं परत, माझं परत. कुणीतरी तिसऱ्यानेच तिला दाखवलीय."

"तुझी आई?"

"माझी आई स्वतःचा वाढदिवस विसरते, हायडी."

"मग चोर. बातम्यांत सांगतात तसं. मुलांचे नंबर चोरतात."

"कोण चोरेल?" ड्वेन म्हणाला. "आणि चोरली तरी तिला खायला घालून दाखवावं त्याने महिनाभर." आणि आम्ही हसलो, पण मला दिसत होतं ते वेगळंच: आपलं मूल कुठल्यातरी परक्या कागदावर, परक्याच्या घरात झोपलेलं. इतक्यात मॅरन जिना उतरून आली. डोक्यावर दुकानाची कागदी टोपी, गालांवर थंडीचे लाल डाग, अंगाला व्हॅनिलाचा वास. हिवाळ्यात आइसक्रीमसारखं गोठलेलं कस्टर्ड खायला रांगा लावणारं हे शहर आहे, आणि त्या रांगांना ती तोंड देते. सोळा वर्षांची. माझ्यापेक्षा उंच.

"काय झालं?" तिने आमच्याकडे बघितलं. "कुणी मेलं का?"

"तुला कुणीतरी चोरलंय," ड्वेन म्हणाला. "बस. जेव."

"काय?"

मी तिला नीट सांगितलं. घाबरू नकोस, म्हटलं, कागदावरची भानगड आहे. कुणीतरी तुझा नंबर आपल्या रिटर्नमध्ये घातलाय, म्हणून माझंही परत आलं आणि बाबाचंही. सोमवारी फोन करू. मी बोलत होते आणि तिच्या चेहऱ्यावरचे थंडीचे डाग पसरत पसरत कानांपर्यंत गेले. तिने टोपी काढली. पुन्हा घातली.

"माझ्यामुळे तुमचं परत येतं?" ती म्हणाली.

"तुझ्यामुळे कसं?"

"मी भरलं ना. माझं. दुकानाने पगारातून टॅक्स कापला होता, तो परत मिळतो. दुकानातली प्रिया म्हणाली फोनवर दहा मिनिटांत होतं. झालं दहा मिनिटांत." ती एका दमात बोलत होती. "त्यात एक प्रश्न होता. तुला दुसरं कुणी त्यांच्या रिटर्नमध्ये दाखवू शकतं का. मी 'नाही' दाबलं."

"अगं पण दाखवू शकतं की!" ड्वेन म्हणाला. "आम्ही दोघं काय मेलोय?"

"म्हणूनच ना बाबा! 'हो' दाबलं असतं तर पुढे विचारलं असतं, कोण?"

"तसं काही विचारत नाहीत. 'हो' म्हटलं की झालं."

"नाही विचारत?"

"नाही."

"मला काय माहीत," मॅरन म्हणाली. "सगळे विचारतात."

ड्वेन हसायच्या बेतात होता, तो थांबला. मला वाटतं आम्ही दोघांनी एकाच वेळी ते ऐकलं. शाळेचा अर्ज, दातांचा डॉक्टर, बसचा पास, तिच्या मैत्रिणींच्या आया. अगं, या आठवड्यात कुणाकडे आहेस? नाताळ कुणाकडे? आणि तिची आजी, जी वाढदिवस विसरते पण हे विचारायला विसरत नाही: राणी, तुला जास्त कुठे आवडतं? आणि मी. मी कधी विचारलं नव्हतं, मला त्याचा केवढा अभिमान होता. मी फक्त जिन्यावर मीठ टाकत होते आणि फोनवर सांगत होते, आज जिना अगदी कोरडा आहे हं. तेही विचारणंच होतं, रोजचं. प्लास्टर निघालेली मुलगी फोन कानाला लावून ड्वेनच्या सोफ्यावर बसलेली असायची आणि रोज संध्याकाळी तिच्या आईचा कोरडा जिना तिला विचारायचा, काय गं, कुठे? आली असती तर बाबाला सोडून आली असती. नाही आली तर मला सोडून राहिली. तिसरीतल्या मुलीने उत्तर द्यायला सुरुवात केली होती, आणि शेवटी एका यंत्राने विचारलं तेव्हा तिने हात झटकले: कुणी नाही, मी माझी. मला रडू यायला हवं होतं. पण मला तिचं इतकं कौतुक वाटलं, की मी चक्क हसले, मोठ्याने, आणि तिकिटवाल्याने वळून बघितलं.

"आई, हसतेस काय? मला तुरुंगात टाकतील."

"तुला नाही टाकणार," ड्वेन म्हणाला. "दुकान बंद पडेल. दुरुस्ती भरता येते. त्या प्रश्नाला 'हो' करायचं, एवढंच. मग आमच्यातल्या एकाचं जाईल."

"कुणाचं?" मॅरनने विचारलं, आणि लगेच तिचा चेहरा असा झाला की तिने ते विचारायला नको होतं. ती माझ्याकडे बघेना आणि ड्वेनकडेही बघेना. मिठाच्या डबीकडे बघत राहिली.

ते वाक्य माझ्या तोंडात होतंच. हिवाळाभर होतं. "बाबाचं," मी म्हटलं. "गेल्या वर्षी तू जास्त रात्री त्याच्याकडे झोपलीस. माझ्याकडे कमी झोपलीस. खरं ते खरं." म्हटलं आणि थांबले. दुखलं, नाही असं नाही. पण बोलून झाल्यावर ते एवढंसं होतं. इतक्या लहानशा वाक्यासाठी मी केवढी भांडी घासली होती.

"पाळी तुझी आहे," ड्वेन म्हणाला. "मी सही करून देतो. तू दाखव."

"मला नको तुझी सही."

"मग मला नको तुझी मेहेरबानी."

"मेहेरबानी कसली, कायदा आहे!"

"कायद्यातच आहे की सही करून देता येते!"

"ओरडू नकोस, चर्च आहे."

"चर्च वर आहे. खाली मासळी आहे."

"तुम्ही दोघं," मॅरन म्हणाली, "मला ढकलताय की ओढताय, तेच कळत नाहीये," आणि ती हसायला लागली. टोपी डोळ्यांवर आली तरी हसत होती. इतक्या वर्षांत शुक्रवारी ती अशी हसलेली मला आठवत नव्हती. शेवटी ड्वेनने हात वर केले. यंदा तो दाखवेल, आणि पुढची दोन वर्षं माझी, आणि यावर कुणी पुन्हा तोंड उघडलं तर त्याने सगळ्यांचा कोबी खायचा.

मॅरनने फोन काढला. ती दुरुस्ती कुठे करायची ते तिला ड्वेनकडून समजून घ्यायचं होतं. तिने आपलं भरलेलं रिटर्न उघडलं, फोन टेबलावर ठेवला आणि ती पाण्याचे पेले आणायला गेली. ड्वेन धिरड्यांवर सफरचंदाचा आणखी मुरांबा वाढून घ्यायला उठला. फोन माझ्यासमोर उघडा राहिला. वर तिचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत, ते वाचता आलं. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, आणि मला माहीत होतं तिथे काय लिहितात. राहण्याचा पत्ता. एकच पत्ता मावतो. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणजे यंत्राने विचारलं होतं आणि तिने एकटीने उत्तर दिलं होतं, कुणाचा चेहरा समोर नसताना. जे मला महिनोन्‌महिने हवं होतं ते तिथे होतं, मुरांब्याच्या डागाशेजारी. ड्वेनच्या रस्त्याचं नाव आखूड आहे, माझ्या रस्त्याचं चांगलं लांबलचक. डोळे बारीक केले असते तरी समजलं असतं. मी ड्वेनच्या पाठीकडे बघितलं. तो मुरांबा देणाऱ्या बाईशी काहीतरी थट्टा करत होता. मग मी हात पुढे केला आणि फोन पालथा घातला.

पेले घेऊन मॅरन माझ्या खांद्यामागेच उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"आई," ती म्हणाली, "चष्मा तुझ्या डोक्यावरच आहे."

"माहीत आहे मला."

तिने पेले खाली ठेवले. माझ्याशेजारी बसली, अगदी खेटून, आणि न विचारता माझ्या ताटातलं धिरडं उचलून खायला लागली.